अर्ध्या तासाची रेघ

कुठेही भूकंप झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेले वाक्य येते. अमक्या ठिकाणी, इतके वाजून इतक्या मिनिटांनी, इतक्या रिश्टरचा धक्का बसला. आपण ते वाचतो, ‘अरे बापरे’ म्हणतो आणि चहाचा दुसरा घोट घेतो. हे वाक्य लिहिणाऱ्याला ते कुणी सांगितले, आणि सांगणाऱ्याने ते कशावरून ठरवले, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मी तर मराठीचा अध्यापक. भूकंप माझ्या वाट्याला येतो तो उत्तरपत्रिकांतून. ‘कवीच्या मनात भावनांचा भूकंप झाला’ हे वाक्य दर परीक्षेला भेटते आणि त्याला किती गुण द्यावेत एवढाच विचार मला करावा लागतो.

पण घरात एखादे माणूस एखाद्या विद्येच्या नादी लागले, की ती विद्या हळूहळू सगळ्या घरात शिरते. माझी भाची भूभौतिकी शिकते. गेल्या उन्हाळ्यात ती पंधरा दिवस आमच्याकडे राहायला होती. आंब्याच्या फोडी एका हाताने खात दुसऱ्या हाताने ती लॅपटॉपवर काहीतरी बडवत असे, आणि मधूनच “आलं!” म्हणून ओरडत असे. काय आले म्हणून मी पाहायला जावे, तो पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ. वर्तमानपत्रातले ते वाक्य म्हणजे निकाल, आणि ही रेघ म्हणजे त्यामागचा पुरावा, हे मला तिने समजावून दिले. हा पुरावा जगातला कोणीही माणूस घरबसल्या मागवू शकतो. त्यासाठी त्याने शास्त्रज्ञ असावे लागत नाही, की कुणाची चिठ्ठी आणावी लागत नाही. फक्त मागता आले पाहिजे. हे मागणे मला इतके विलक्षण वाटले, की वाचकांना त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

रेघ उमटते कशी, ते आधी सांगतो. जमिनीशी पक्क्या जखडलेल्या चौकटीत एक वजन टांगलेले असते. जमीन हलली की चौकट तिच्याबरोबर हलते, वजन मात्र आळशासारखे मागे राहते. या दोहोंतला फरक टिपायचा, एवढेच मूळ तत्त्व. पूर्वी तो काजळी धरलेल्या किंवा फोटोच्या कागदावर उमटे. आता त्याचे आकडे होतात आणि ते संगणकात जाऊन बसतात.

या रेघा एकमेकांकडे मागण्याची कथा मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८८९ च्या एप्रिल महिन्यात एर्न्स्ट फॉन रेबर-पाश्विट्झ नावाच्या जर्मन तरुणाची दोन नाजूक दोलनयंत्रे, एक पॉट्सडॅमला आणि एक विल्हेल्म्सहाफेनला, एकाच सुमारास थरथरली. जवळपास कुठे काही झालेले नव्हते. पुढे एका नियतकालिकात तोकियोच्या भूकंपाची हकीकत त्याच्या वाचनात आली. वेळा ताडून पाहिल्यावर त्याच्या ध्यानात आले, की जपानची धरणी हलली ती आपल्याला जर्मनीत कळली! अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला भूकंप ओळखला गेला तो असा. मग जगभर अशी यंत्रे बसवावीत आणि त्यांची टिपणे एका ठिकाणी गोळा करावीत, ही कल्पना त्याने मांडली. ती मांडली त्याच वर्षी, १८९५ मध्ये, तो गेला. वय अवघे चौतीस.

त्याची कल्पना तडीस नेली जॉन मिल्ने या इंग्रजाने. वीसेक वर्षे जपानात काढून तो १८९५ मध्ये आपल्या जपानी पत्नीसह इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर, शाइड नावाच्या खेड्यात येऊन राहिला. तिथून त्याने साम्राज्यभर यंत्रे बसवून घेतली. आसामच्या १८९७ च्या महाभयंकर भूकंपानंतर आपल्याकडेही कलकत्त्याच्या अलीपूरला १८९८ मध्ये यंत्र बसले, आणि मुंबईची कुलाबा वेधशाळाही मिल्नेच्या जाळ्यात आली. ठिकठिकाणचे लोक पत्राने मिल्नेला कळवीत, की अमक्या दिवशी इतक्या वाजता सुई हलली, इतकी हलली. मिल्ने ते छापून सर्वांना पाठवी.

यात एक उणीव होती, आणि पुढच्या साऱ्या प्रकरणाची कळ त्या उणिवेतच आहे. पत्रातून जाई तो सारांश. कुलाब्याच्या माणसाला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच शाइडला पोचे, मूळ रेघ कुलाब्यातच राही. आमच्या क्षेत्रात बोलायचे तर कविता पोथीतच राहिली आणि प्रसिद्ध झाले ते फक्त तिचे रसग्रहण. रसग्रहण करणारा कितीही विद्वान असो, पन्नास वर्षांनी दुसऱ्याला त्याच कवितेत वेगळे काही दिसायचे असेल, तर मूळ कविताच हाती यावी लागते.

मूळ रेघा हाती येऊ लागल्या त्या १९६० नंतर, आणि त्यामागे भूकंपाची काळजी नव्हती, अणुबाँबची होती. जमिनीखाली कुणी चोरून स्फोट केला तर तो ओळखता यावा, म्हणून अमेरिकेने साठेक देशांत मिळून सुमारे एकशेवीस ठिकाणी अगदी सारखी यंत्रे बसवली. आपल्या देशात दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि आपले पुणे यांचा त्यात समावेश होता. प्रत्येक ठिकाणाहून रोज सहा कागद निघत. त्यांच्या फिल्म तयार होत आणि मागेल त्याला त्यांच्या प्रती मिळत. बाँब शोधायला मांडलेल्या या पसाऱ्यातून निघाले भलतेच. १९६७ मध्ये लिन साइक्स यांनी या रेघा लावून समुद्राच्या तळाशी जमिनीचे कवच कसे सरकते ते दाखवून दिले. खंडे फिरतात ही गोष्ट आज शाळेतली मुले पाठ करतात, तिच्या पुराव्यात या फिल्मचा मोठा वाटा आहे.

पुढे आकड्यांचे युग आले. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘आयरिस’ नावाची संस्था काढली आणि सिअ‍ॅटल शहरात रेघांची एक पेढी उघडली. (२०२३ पासून ही संस्था ‘अर्थस्कोप’ या नावाने ओळखली जाते.) फ्रेंच, जर्मन, जपानी, सर्वांनी आपले आकडे एकाच मांडणीत ठेवायचे ठरवले. पेढी झाली, पण तिच्याकडे मागायचे कसे? तर एक ई-मेल लिहायची. पहिल्या काही ओळी टिंबाने सुरू करून नाव, संस्था, पत्ता, फोन, आणि माल कशावर भरून हवा ते लिहायचे, कारण त्या काळी टेप टपालाने येत. मग ‘समाप्त’ अशा अर्थाची एक ओळ. तिच्याखाली, एका ओळीत एक, आपल्या मागण्या. हे पत्र माणूस वाचत नसे, यंत्र वाची. भाचीने मला या पद्धतीचे नाव सांगितले, ‘ब्रेक-फास्ट’. मला वाटले न्याहारीची वेळ झाली. पण घाऊक मागण्या झटपट पुरवणारी, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते आखडलेले रूप निघाले. शास्त्रज्ञांनाही कोटी करायचा मोह आवरत नाही, हे पाहून बरे वाटले.

आज ही पत्रापत्रीही मागे पडली आहे. २०१० मध्ये म्युनिकच्या विद्यापीठातल्या काही तरुण मंडळींनी ‘ऑब्सपाय’ नावाचे सॉफ्टवेअर लिहिले आणि ते जगाला फुकट देऊन टाकले. भाची वापरते ते हेच. ते पेढीला तीन तऱ्हेचे प्रश्न विचारते. भूकंप कुठे आणि केव्हा झाला? त्या वेळी कोणकोणती स्थानके जागी होती? आणि तिसरा खरा प्रश्न: त्या स्थानकावरची अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंतची रेघ द्या. एकट्या सिअ‍ॅटललाच नव्हे, युरोपातल्या निरनिराळ्या पेढ्यांनाही हाच प्रश्न याच भाषेत विचारता येतो, कारण सर्वांनी मिळून प्रश्नाचे व्याकरण ठरवून टाकले आहे.

व्याकरण म्हटल्यावर माझे कान टवकारले. मागणीच्या वाक्यात पदे ठरलेली: जाळे कोणते, स्थानक कोणते, त्यातले यंत्र कोणते, वाहिनी कोणती, आणि कधीपासून कधीपर्यंत. वाहिनीचे नाव तीन अक्षरी असते. आपल्या क्रियापदाच्या एका रूपात जसे लिंग, वचन, पुरुष दडलेले असतात, तशी या तीन अक्षरांत माहिती ठासून भरलेली आहे. ‘बी.एच.झेड.’ घ्या. पहिले अक्षर आकडे किती झरझर टिपले ते सांगते, दुसरे यंत्राची जात सांगते, आणि शेवटचे झेड म्हणजे हालचाल वरखाली मोजली. झेडऐवजी एन आला तर दक्षिणोत्तर, ई आला तर पूर्वपश्चिम. तिन्ही दिशा हव्या असतील तर शेवटच्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घालायचे. इथे प्रश्नचिन्हाने प्रश्न होत नाही, ते ‘कोणतेही’ या सर्वनामाचे काम करते! चिन्हाला असा नवा धंदा मिळालेला मी तरी प्रथमच पाहिला.

“मग आता काय मागवू, मामा?” भाचीने विचारले. “तुझी काही फर्माईश?”

माझ्या तोंडून निघून गेले, “किल्लारी.”

१९९३ साली मी सोलापूरला शाळेत होतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहून आम्ही भावंडे उशिरा झोपलो होतो. पहाटे चारच्या आधी फळीवरची भांडी वाजू लागली आणि वडिलांनी मला दंडाला धरून रस्त्यावर ओढत नेले. सगळी आळी अंधारात उभी होती. कुठे काय झाले ते उजाडल्यावर कळू लागले, आणि मग दिवसेंदिवस कळतच राहिले. त्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडच्या खेड्यांत हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली झोपेत गेली. आमच्या शेजारच्या एका काकूंचे माहेर त्या बाजूचे होते. त्या रस्त्यावर कशा उभ्या होत्या, ते मला अजून दिसते.

भाचीने तारीख घातली, २९ सप्टेंबर.

“अगं, तीस! तीस तारखेची पहाट.”

“ती आपली, मामा. यंत्रांचं घड्याळ ग्रीनिचचं. आपण साडेपाच तास पुढे. तीन छप्पन्नमधून साडेपाच तास वजा कर.”

केले. रात्रीचे दहा वाजून सव्वीस मिनिटे, आणि तारीख आदल्या दिवशीची. कोयनेचा भूकंप आपण सारे ११ डिसेंबर १९६७ चा म्हणून ओळखतो आणि परदेशी ग्रंथ १० डिसेंबर लिहितात, त्याचेही उत्तर मला तिथे मिळाले. तोही पहाटे चार वीसच्या सुमारासच झाला होता.

स्थानक तिने निवडले ते थेट बव्हेरियातले, ग्रेफेनबर्गचे. मी म्हटले, इतक्या लांब कशाला? ती म्हणाली, किल्लारीचा मुलूख तेव्हा भूकंपाच्या दृष्टीने अगदी शांत समजला जात असे, तिथे आसपास यंत्रांचे जाळे नव्हतेच. उलट ग्रेफेनबर्गला १९७६ पासून आकड्यांत टिपणे ठेवलेली आहेत. तिने साडेदहा ते अकरा अशी अर्ध्या तासाची मागणी केली. हातातली फोड संपायच्या आत ती आली. सेकंदाला वीस याप्रमाणे छत्तीस हजार आकडे, आणि त्यांची झालेली एक रेघ.

सुरुवातीची पाचसहा मिनिटे रेघ नुसती श्वास घेतल्यासारखी बारीक थरथरत होती. ती कायमचीच असते, समुद्राच्या लाटांची. मग दहा वाजून छत्तीस मिनिटांच्या सुमारास ती एकदम उसळली. आमची भांडी वाजल्यानंतर बरोबर दहा मिनिटांनी. पृथ्वीच्या पोटातून पावणेसात हजार किलोमीटर येऊन पोचलेली ती पहिली लाट. आणखी आठेक मिनिटांनी दुसरी, हळू चालीची. “या दोन्हींमधल्या अंतरावरून भूकंप किती लांब झाला ते कळतं,” भाची सांगत होती. माझे लक्ष पहिल्या उसळीकडेच होते. आमची आळी रस्त्यावर उभी होती आणि कुठे काय झाले हे कुणालाच माहीत नव्हते, त्या घटकेला बव्हेरियातल्या एका यंत्राला ते कळून चुकले होते. तिकडे अजून आदल्या दिवसाची रात्रही सरली नव्हती.

मी बराच वेळ काही बोललो नाही. सौ.ने चहा आणून ठेवला तो निवला.

आकड्यांचीही एक गोम आहे. पेढीतून येतात ते निव्वळ आकडे. त्यांचा अर्थ जमीन किती हलली असा नसतो, यंत्राने किती मोजले असा असतो. पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे. ‘चार पायल्या जोंधळे’ म्हटले, की कुठली पायली हे आधी विचारावे लागे. तसेच हे आहे. म्हणून रेघेबरोबर त्या यंत्राची पायलीही मागवावी लागते, आणि सॉफ्टवेअर मग हिशेब करून जमिनीची खरी हालचाल काढून देते. हे नवशिक्या मुलांच्या ध्यानात राहत नाही असे भाचीचे म्हणणे. ती स्वतः वर्षभरच जुनी आहे, पण हे तिने पोक्त आवाजात सांगितले.

मला सर्वांत आवडले ते या पेढीचे नाही म्हणणे. मागणीचे व्याकरण चुकले, तर उत्तर येते ४००: तुमचा प्रश्न मला कळला नाही. फारच मागितले, तर ४१३: एवढे एकदम देता येणार नाही. आणि प्रश्न बरोबर असेल पण माल नसेल, तर २०४. म्हणजे तुमचे काही चुकले नाही, माझ्याकडेच ते नाही. अर्जदाराचा दोष आणि कोठाराची उणीव यांत एवढा स्वच्छ भेद करणारे कार्यालय मी जन्मात पाहिले नव्हते. मी मुद्दाम कोयनेची १९६७ ची रेघ मागायला लावली. तात्काळ उत्तर आले, २०४. बरोबरच आहे, तेव्हाच्या रेघा कागदावर नि फिल्मवर.

परंतु कोयनेची एक रेघ जगभर फिरली आहे, आणि मागता येण्याजोगी रेघ काय करू शकते याचा तिच्यासारखा दाखला नाही. त्या पहाटे कोयना खोऱ्यात दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात तीव्र धक्के मोजणारे एक यंत्र होते. ते चालू राहिले. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्शाएवढा धरला होता, यंत्राने प्रवाहाच्या दिशेला जवळजवळ निम्म्याएवढा टिपला! इतक्या जवळून हादरलेल्या काँक्रीटच्या धरणाची अशी रेघ जगात दुर्मीळ. ती दडवून ठेवली गेली नाही. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कले येथे अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिच्या आधारे धरण कुठे आणि का तडकले याचे गणित प्रसिद्ध केले. आज बांधकामाचे गणित करणाऱ्या ‘अ‍ॅबॅकस’ नावाच्या सॉफ्टवेअरबरोबर जी उदाहरणे येतात, त्यांत कोयनेचे धरण सोडवून दिलेले आहे. ज्यांनी सातारा जिल्हा नकाशावरसुद्धा पाहिला नाही, असे देशोदेशींचे इंजिनिअर त्या पहाटेच्या रेघेवर आपापली धरणे तपासून पाहतात.

रेघ टिपणाऱ्याला ती पुढे कुणाच्या कामी येईल हे ठाऊक नसते. २०२० च्या टाळेबंदीत मोटारी, कारखाने, मिरवणुका सगळे थांबले. तेव्हा थॉमस लकॉक या बेल्जियमच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या अनेक सोबत्यांनी ११७ देशांतल्या २६८ स्थानकांच्या रेघा मागवून पाहिल्या. माणसांच्या वर्दळीने जमिनीला जी सततची बारीक थरथर असते, ती कुठे कुठे निम्म्याने उतरली होती. भूकंप नसतानाच्या, कुणालाही नको असलेल्या त्या रेघा. पण ठेवलेल्या होत्या आणि मागता येत होत्या, म्हणून जगाने एकदम धरलेले मौन मोजता आले.

आता आपल्या घरची गोष्ट. हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेत फ्रान्सच्या ‘जिओस्कोप’ जाळ्यातले एक स्थानक आहे. एच.वाय.बी. ही तीन अक्षरे लिहिली की त्याची रेघ मिळते. पण देशात राष्ट्रीय भूकंप केंद्राची दीडशेहून अधिक स्थानके आहेत, इतर संस्थांची निराळी. त्यांतल्या बहुतेकांच्या रेघा अशा एका ओळीने हाती येत नाहीत, त्यांना रीतसर अर्ज लागतो. याला कारणे नाहीत असे नाही. जी रेघ भूकंप सांगते तीच पोखरणही सांगते, आणि हे जाळे मुळात कशासाठी विणले गेले ते वर आलेच आहे. शेजार बरा नसला की माणूस खिडकीला पडदा लावतो. तरी मला वाटते, किल्लारी आणि कोयना पाहिलेल्या महाराष्ट्राला आपल्या पायाखालची रेघ बव्हेरियाकडे मागावी लागू नये. आमच्या वाड्यातल्या भिंतींना किती हादरा सोसेल हे ठरवायचे, तर हादरा इथल्या जमिनीत कसा वागतो ते कळले पाहिजे, आणि ते इथल्याच रेघांतून कळते.

भाचीला तिच्या प्रबंधासाठी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका लहानशा धक्क्याची नोंद हवी होती. खुल्या पेढीत ती नव्हती. एका कार्यालयाकडे अर्ज करायचा ठरला. अर्जाचा मसुदा तिने माझ्याकडून लिहवून घेतला, शेवटी मराठीचा मामा कशाला असतो! स्थानक, वाहिनी, कधीपासून कधीपर्यंत, सारे ग्रीनिचच्या वेळेत आणि कंसात आपल्याही वेळेत, शुद्धलेखन दोनदा तपासून, ‘कळावे’ आणि ‘आपली विनम्र’सह. अर्ज जूनमध्ये गेला. हा लेख छापायला देईपर्यंत त्याला २०४ सुद्धा आलेले नाही.